मूळपेशी: कोणती काय बनू शकते?

प्रश्न: अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून रक्त बनतं, मग त्यांच्यापासून मेंदूच्या पेशीही बनवता येतील का?

उत्तर: थेट नाही. मूळपेशी म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडतात अशा पेशी. अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आतल्या मगजातल्या) रक्तजनक मूळपेशी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स बनवतात. त्यांची मजल तिथेच संपते. मज्जेतच दुसऱ्या, मेसेन्कायमल नावाच्या पेशी असतात. त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी तयार होते. त्यांना चेतापेशी (मेंदू आणि नसांमधल्या पेशी) बनवणारं इंजेक्शन म्हणून कुणी विकत असेल, तर सावध राहा.

फलित अंड्यापासून गर्भ आणि वार (गर्भाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) दोन्ही घडतात. पाच-सहा दिवसांनी गर्भाच्या आत जो पेशींचा पुंजका दिसतो, त्यातल्या पेशी शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतात, पण त्यांच्यापासून पूर्ण वार सहसा घडत नाही. मानवी गर्भातल्या या पेशी १९९८मध्ये प्रयोगशाळेत वाढवता आल्या.

मेंदूच्या पेशी हव्या असतील, तर आज दुसरा मार्ग आहे. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशींत चार जनुकं घातली आणि त्या पुन्हा गर्भावस्थेसारख्या झाल्या. पुढच्याच वर्षी हे माणसाच्या पेशींतही जमलं. रक्तपेशीही अशा मागे नेता येतात आणि मग त्यांच्यापासून चेतापेशी घडवता येतात. धोका मात्र खरा आहे: त्या चारपैकी सी-मिक हे जनुक कर्करोगाशी जोडलेलं आहे. शिवाय रूपांतर न झालेल्या थोड्या पेशी मागे राहिल्या, तरी शरीरात टेराटोमा नावाची गाठ वाढू शकते. म्हणून रोपणाआधी त्या गाळून काढणं अत्यावश्यक.