गाण्याचे कागद जमवायचे असतील तर

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला, गायक-वादकांच्या पोस्टाच्या तिकिटांच्या सेटचा फोटो बघितला. आठही तिकिटं कोरी आहेत, कडेचे दात शाबूत आहेत, मागचा गोंद पण धड दिसतोय, छान काम केलंस. तू विचारलंस की सेट कम्प्लीट झाला आता पुढं काय, आणि याला किंमत किती येईल. किमतीचं आधी सांगून टाकतो म्हणजे तो विषय मिटला. फार काही येणार नाही. हल्लीची तिकिटं भरपूर छापतात आणि घेणारे सगळे तुझ्यासारखेच प्लास्टिकात घालून ठेवतात, मग भाव चढणार कशाला? पैसेच करायचे असतील तर सोनं घे की.

पुढं काय हे मात्र सविस्तर लिहितो.

हा सेट ३ सप्टेंबर २०१४ ला निघाला. रविशंकर, अली अकबर खाँ, विलायत खाँ, पट्टम्माळ, भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमार गंधर्व. आता नकाशा घेऊन बस. भीमसेन गदगकडचे, गंगूबाई धारवाडात जन्मल्या आणि हुबळीत राहिल्या, मल्लिकार्जुन धारवाडजवळच्या मन्सूर खेड्यातले, आणि कुमारांचा जन्म तर ८ एप्रिल १९२४ चा आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा, जिथं आपण महालक्ष्मीच्या यात्रेला जातो तेच सुळेभावी. सगळ्या देशातनं आठ माणसं निवडली आणि त्यातली चार आपल्या या बेळगाव-धारवाड पट्ट्यातली निघाली. ही गोष्ट तुझ्या अल्बममध्ये कुठं दिसते सांग बघू? नाही दिसत. कोरं तिकीट एवढंच सांगतं की दिल्लीत कुणीतरी ठरवलं ह्या माणसाचं तिकीट काढायचं. ते गाणं इथं कुणी ऐकलं, कुठल्या गल्लीत ऐकलं, कार्यक्रमाच्या तिकिटाला किती पैसे मोजले, हे कळायला वापरलेला कागद लागतो. म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे, कोऱ्या मालाच्या मागं लागू नको, ज्याच्यावर शिक्का पडलाय, शाई सांडलीय, कुणीतरी पेन्सिलीनं काहीतरी खरडलंय तो कागद धर. डीलर लोक उलटं सांगतील, मिंट म्हणजे कोरं करकरीत पाहिजे, डाग नको, घडी नको. त्यांचं दुकान आहे, त्यांना सांगू दे.

शिक्क्याचंच बघ. बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला, म्हणजे तुझा हा सेट निघाल्यावर दोन महिन्यांनी. तेव्हा कुमारांचं तिकीट लावलेलं, सप्टेंबर-ऑक्टोबर २०१४ मधलं, जुन्या नावाच्या शिक्क्याचं साधं पाकीट कुठं मिळालं तर सोडू नको. असलं पाकीट कुणी मुद्दाम जपत नाही, लाईटबिलाबरोबर फायलीत पडलेलं असतं.

आणि एक काम तू स्वतः करू शकतोस. कुमारांचा फोटो असलेलं चांगलं पिक्चर पोस्टकार्ड शोध, फोटोच्या बाजूलाच ते तिकीट लाव आणि सुळेभावीच्या पोस्टात जाऊन शिक्का मारून घे. याला मॅक्सिमम कार्ड म्हणतात, चित्र, तिकीट आणि शिक्का तिन्ही एकाच विषयाचे पाहिजेत. तिकीट मोठं आणि कार्ड लहान असं नको, आणि तिकिटावरचंच चित्र मोठं करून कार्ड छापलं तर जाणकार लोक ते मानत नाहीत. ८ एप्रिलला गेलास तर तारीख पण जुळेल, फक्त त्या दिवशी रविवार किंवा सुट्टी नाही ना ते आधी बघ. पोस्टमास्तरांना नीट विनंती कर, घाईच्या वेळी जाऊ नको, शिक्क्याला शाई ताजी घालायला सांग नाहीतर अर्धवट उमटतो आणि मग परत मारता येत नाही.

जुन्या तिकिटांत दोन तरी घेच. एक संगीतशास्त्रकार भातखंड्यांचं, १९६१ चं, १५ नव्या पैशांचं. दुसरं विष्णु दिगंबर पलुसकरांचं, १९७३ चं, ३० पैशांचं. गंमत म्हणजे पलुसकरांचं तिकीट ज्या दिवशी आलं त्याच दिवशी कोपर्निकस आणि कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे हॅन्सन यांची पण आली, त्यामुळं पहिल्या दिवसाच्या, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेल्या पाकिटावर कधीकधी गवई, खगोलशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एकत्र बसलेले दिसतात. पलुसकर आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचे, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे. बालगंधर्वांचं १९८८ चं आहे, जन्मशताब्दीचं. कर्नाटक संगीतातले पुरंदरदास, त्यागराज, दीक्षितर हे पण निघालेत, मिळतील तसे घे. गझल गाणाऱ्या बेगम अख्तर यांचं १९९४ चं मात्र महाग जातं, कारण ते आल्यावर थोड्याच दिवसांत मागं घेतलं गेलं, शाई पाण्यात उतरत होती. यावरनं एक गोष्ट लक्षात ठेव, वापरलेलं तिकीट पाकिटावरनं सोडवायला सरळ पाण्यात बुडवायचं नाही. खरं तर पाकिटावरनं सोडवायचंच नाही. पाकीट अख्खं ठेव. लहानपणी आपण सगळे कोपरा कापून तिकीट काढतो, तिथंच निम्मा इतिहास कचऱ्यात जातो, पत्ता गेला, शिक्का गेला, पाठवणाऱ्याचं नाव गेलं.

आता तिकिटांच्या बाहेरचं, जे मला जास्त आवडतं.

बैठकीच्या निमंत्रणपत्रिका पूर्वी बुक पोस्टानं जायच्या, म्हणजे पाकीट चिकटवायचं नाही, नुसतं आत दुमडायचं, वर कोपऱ्यात बुक पोस्ट लिहायचं, आत छापील मजकूरच पाहिजे. छोट्या म्युझिक सर्कलवाल्यांना तेवढं पण परवडायचं नाही, ते सरळ पोस्टकार्डावर सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरनं छाप काढून पाठवायचे. माझ्याकडं असं एक कार्ड आहे. समोर गवयाचं नाव, साथीला तबला-पेटी कोण, रात्री ९ वाजता, सभासदांनी कार्ड बरोबर आणावे. पत्ता शहापूरचा. आणि मजकुराच्या खाली जी बोटभर जागा उरलेली तिथं कुणीतरी शिसपेन्सिलीनं बारीक लिहिलंय: पूरिया, मग बागेश्री, मध्ये लाईट गेले, कंदिलात भैरवी. बस. हे कार्ड कुठल्या कॅटलॉगमध्ये नाही, बाजारात त्याला कुणी चहाचे पैसे देणार नाही, पण त्या रात्री काय गायलं गेलं याचा दुसरा पुरावा जगात कुठं नसेल, कारण रेकॉर्डिंग कोण करत होतं तेव्हा.

शहापूरवरनं आठवलं, पत्ते नीट वाचत जा. आज आपण शहापूर म्हणजे बेळगावचाच भाग धरतो, पण संस्थानं विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात होतं. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात, १९७३ पासून कर्नाटकात. त्यामुळं तारीख फाटून गेलेला कागद हातात आला तरी छापखान्याच्या ओळीवरनं आणि पत्त्यावरनं तो कधीचा असेल याचा अंदाज बांधता येतो. हस्तपत्रकाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव असतं ते सगळ्यात आधी वाच.

नाटकं विसरू नको. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यामुळं संगीत नाटक इथं कुणी बाहेरनं आणून दिलेलं नाही. नाटक कंपन्यांची जाहिरातपत्रकं, थिएटरात विकायचे त्या पदांच्या पुस्तिका, आणि नाटकाच्या तिकिटांचे अर्धुके, म्हणजे दारात फाडून प्रेक्षकाकडं उरलेले तुकडे. अर्धुकं हातात आलं की त्यावर करमणूक कराचं बारीक तिकीट चिकटवलंय का बघ, ते पण एक प्रकारचं स्टॅम्प कलेक्शनच आहे आणि त्याच्याकडं फार कमी लोक बघतात. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर गाजले, भीमसेन, गंगूबाई त्यांचेच शिष्य, म्हणजे नाटकाचा कागद आणि ख्यालाचा कागद वेगळा काढायचा म्हटलं तरी आपल्याकडं जमत नाही.

रेडिओचं एक सांगतो, हे ऐकून तुला गंमत वाटेल. पूर्वी घरात रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं आणि ते पोस्टातनं मिळायचं. छोटी पुस्तिका असायची, दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे, ते आत लायसन्स फीचं तिकीट लावून शिक्का मारायचे. १९८० च्या दशकात ते बंद झालं. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० साली सुरू झालं, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत मन्सूर आणि गंगूबाई पहिल्यांदा आले ते त्या रेडिओतनं. तेव्हा निपाणी, चिकोडी, खानापूर कुठल्याही पोस्टाचे शिक्के असलेली लायसन्सची पुस्तिका म्हणजे गाण्याचाच कागद समज. आज्जीच्या ट्रंकेत बघ, रेशनकार्डाच्या बरोबर असते.

तीच गोष्ट ग्रामोफोनच्या जुन्या ७८ आरपीएम रेकॉर्डच्या खाकी कव्हरांची. लोक रेकॉर्ड ठेवतात आणि फाटकं कव्हर टाकून देतात. त्या कव्हरवर दुकानदाराचा रबरी शिक्का असतो, नाव, पेठ, गाव. मिरजेचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांची रेकॉर्ड कुठल्या गावच्या दुकानातनं विकली गेली ते त्या शिक्क्यानं कळतं. मिरजेत उरुसाला जातोस तेव्हा छापील कार्यक्रमपत्रिका मागून घेत जा. हल्ली सगळी निमंत्रणं मोबाईलवर जेपीजी म्हणून येतात, कागद छापतातच किती, म्हणून आजचा पास, आजचं पोस्टर आजच उचल. कार्यक्रम संपल्यावर भिंतीवरचं पोस्टर काढायला संयोजकांना विचारलंस तर कुणी नाही म्हणत नाही.

एक अट मात्र आहे, कन्नड वाचायला शीक. बोलतोस ते ठीक आहे, वाचता आलं पाहिजे. धारवाड-हुबळीकडचे कार्यक्रम, सत्कार, स्मरणिका सगळं कन्नडमध्ये आहे आणि मराठी कलेक्टर ते बाजूला सारतात, वाचता येत नाही म्हणून. सीमेचा वाद ज्याचा त्यानं बघावा, कुमारांची घरची भाषा कन्नड आणि गायले ते मराठी, हिंदी, माळवी सगळं, आपण त्यांचे कागद भाषेवरनं गाळायला लागलो तर हातात काय राहील? जुनं हस्तलिखित मिळालं तर मोडी पण असू शकतं, ते नंतर बघू.

जपायचं म्हणशील तर आपल्या पावसाचा विचार आधी कर. जून ते सप्टेंबर भिंतीला पाणी सुटतं, खानापूरकडं तर विचारूच नको. कोरी तिकिटं त्या दमटपणात एकमेकांना नाहीतर पानाला चिकटतात, मध्ये ग्लासीन पेपर, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद पाहिजेच. अल्बम आडवे एकावर एक रचू नको, उभे ठेव, भिंतीपासून लांब, सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली की एकदा सगळं उघडून वारं दे. उन्हात नाही, सावलीत. तिकिटाला हात लावायचा नाही, चिमटा वापर. सेलोटेप घरातनंच काढून टाक. आणि लॅमिनेशन तर नकोच नको, ओळखीच्या एका घरात संगीत विशारदचं जुनं सर्टिफिकेट कौतुकानं लॅमिनेट करून ठेवलंय, आत कागद पिवळा पडत चाललाय आणि आता तो बाहेर काढायची सोय नाही. स्वस्त प्लास्टिकचे वास येणारे पाऊच पण तसलेच, शाई ओढून घेतात.

प्रत्येक कागदाबरोबर एक चिठ्ठी ठेव, कुणाकडनं आला, कधी आला, त्यांनी काय सांगितलं. आणि त्यांनी जे सांगितलं ते ‘सांगितलं’ म्हणूनच लिही, स्वतःची भर घालू नको. कागदावर काही लिहायचं झालंच तर मऊ पेन्सिल, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. स्कॅन करताना दोन्ही बाजू कर, पाठ कोरी असली तरी कर.

ऑनलाईन घेताना एक बघ, माय स्टॅम्प नावाचा प्रकार आहे, पैसे भरून कुणीही आपल्या आवडीचा फोटो तिकिटाच्या बाजूला छापून घेतो. त्यात वाईट काही नाही, पण कुणी ते पोस्टानं काढलेलं गवयाचं तिकीट म्हणून विकत असेल तर पैसे टाकू नको. नवीन तिकिटांसाठी पोस्टात फिलाटेली डिपॉझिट अकाउंट, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांचं खातं काढ, सुरुवातीला २०० रुपये भरले की निघतील तशी घरपोच येतात, त्यासाठी डीलरकडं जायची गरज नाही.

आता त्या वाड्याचं. तू लिहिलंस की टिळकवाडीत एक काकू घर विकालेत आणि त्यांच्या यजमानांच्या गाण्याच्या पत्रिकांचा गठ्ठा रद्दीत जाणार आहे. उद्याच जा, पण गठ्ठा मागायला जाऊ नको, बघायला जा. त्यांच्यासमोर बसून एकेक कागद त्यांनाच दाखव आणि त्या काय बोलतात ते ऐक, परवानगी असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड कर. खासगी पत्रं निघाली तर न वाचता त्यांच्या हातात दे. काही ठेवून घ्यायचं म्हणाल्या तर स्कॅन करून परत दे, आणि त्यांनी फुकट देऊ केलं तरी तसंच उचलू नको, रद्दीचा भाव सांगून पण घेऊ नको, त्या कागदांना त्याच्यापेक्षा जास्त किंमत आहे हे आधी त्यांना सांग. दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा असेल तर ज्या क्रमानं बांधलाय तो क्रम मोडू नको, उघडायच्या आधी वरनं, बाजूनं फोटो काढ. बरोबर जाड पुठ्ठे आणि कोरे कागद ने, पिशवीत कोंबून आणू नको. वाळवी लागलेलं काही दिसलं तर ते वेगळ्या पिशवीत, आपल्या घरात लगेच नको, आधी मला फोन कर. मी दुपारी झोपतो, चारनंतर कर.

तुझा
काका