कारवानी कुत्रा आणि शेजारची शेरडं

प्रश्न : आमचा दीड वर्षाचा कारवानी शेजारच्यांच्या शेळ्या दिसल्या की सुसाट सुटतो. परवा एक गाभण शेळी पळता पळता बांधावर आपटली. घरचे म्हणतात, गळ्यात लोढणं बांधू. काय करू?
– एक वाचक, ता. जत

उत्तर : लोढणं नको, ताई. ते पुढच्या पायांवर आपटतं, आणि ओढ मात्र तशीच राहते. कारवानी नजरेनं शिकार हेरणारा. जनावर पळालं की हा सुटलाच. पाठलाग हेच त्याला बक्षीस, म्हणून आजपासून तो मोकळा सोडायचाच नाही.

माझ्या लाल्यासाठी मी १० मीटरचा सुती कासरा आणि छातीपट्टा घेतला. गळपट्ट्यानं मानेला हिसका बसतो. शेळ्या रवंथ करत बसल्या की १०० पावलांवर उभी राहायचे. लाल्याचे कान टवकारले, तोंड मिटलं, अंग ताठलं, की त्याच क्षणी हाक. वळून पाहिलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. तो क्षण हुकला तर हाक कानात शिरतच नाही! अंतर हळूहळू कमी केलं. चार महिने लागले. आजही शेळ्या परतायच्या वेळी तो कासऱ्यावरच असतो.

मारू नका, शेळी दिसली की मार बसतो, एवढंच तो शिकेल.

त्या शेळीला आजच पशुवैद्यकाला दाखवा, खर्च तुम्ही द्या. धक्क्यानं शेळी गाभडू शकते. आणि शेजाऱ्यांकडे स्वतः जा, निरोप धाडू नका.