हॉलचा ॲडव्हान्स आणि मोडतोडीची अनामत: जीएसटी कधी, कशावर?

प्रश्न: सांगलीत माझं मंगल कार्यालय आहे. जीएसटी नोंदणी आहे, रिटर्न दरमहा भरतो. भाडं करासह एक लाख. तारीख पक्की करताना ५० हजार ॲडव्हान्स घेतो. मोडतोडीसाठी २० हजार वेगळे, ते लग्नानंतर परत देतो. कर मात्र लग्नाच्या महिन्यात, पूर्ण बिलावर भरत आलो. आता बँकेतली जमा आणि रिटर्न जुळत नाहीत म्हणून एएसएमटी-१० नोटीस आली आहे. गणपती पेठेतले फर्निचरवाले म्हणतात, ॲडव्हान्सवर जीएसटी नसतोच. शिवाय एकाने बुकिंग रद्द केलं, त्याचे १० हजार कापून घेतले. त्याचं काय?

उत्तर: फर्निचरवाल्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरं आहे. १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचना क्र. ६६ नुसार मालाच्या ॲडव्हान्सवर कर द्यावा लागत नाही, तो बिलाच्या वेळी लागतो. पण हॉल भाड्याने देणं ही सेवा आहे. सेवेला सीजीएसटी कायद्याचं कलम १३ लागतं, कर कधी लागतो ते तेच ठरवतं: बिल आधी झालं तर बिलाची तारीख, पैसे आधी आले तर पैशांची. तुमचे पैसे महिनोन्‌महिने आधी येतात.

म्हणून करही त्याच महिन्यात. हॉलभाड्यावर दर १८ टक्के. ५० हजार करासह धरले तर १८/११८ या हिशेबाने कर ७,६२७ रुपये. ॲडव्हान्स ऑगस्टात आला तर तो २० सप्टेंबरपर्यंत भरायचा होता. लग्न डिसेंबरात झालं आणि तुम्ही २० जानेवारीला भरला, म्हणजे १२२ दिवसांचा उशीर. वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज सुमारे ४५९ रुपये. कर तुम्ही भरलेलाच आहे, तो घाबरून दुसऱ्यांदा भरू नका. प्रत्येक बुकिंगचं असं व्याज काढा, डीआरसी-०३ (स्वतःहून भरणा करण्याचा फॉर्म) ने भरा आणि बुकिंगनिहाय तक्ता जोडून एएसएमटी-११ मध्ये (नोटिशीच्या उत्तराचा फॉर्म) उत्तर द्या. नोटिशीत दिलेली मुदत चुकवू नका. ती जास्तीत जास्त ३० दिवसांची असते.

२० हजारांचं प्रकरण वेगळं. कलम २(३१) प्रमाणे अनामत जोवर भाड्यात वळती होत नाही, तोवर ती मोबदला ठरत नाही, म्हणून कर नाही. घोटाळा पावतीपुस्तकात होतो: बऱ्याच कार्यालयांत ॲडव्हान्सलाही ‘अनामत’च लिहितात. नाव लिहिल्याने स्वरूप बदलत नाही, उलट खरी अनामतही संशयात येते. तीच २० हजार शेवटच्या बिलात ‘ॲडजस्ट’ केली, तर ज्या दिवशी वळती केली त्या दिवसापासून ती भाडं. तेव्हा पावतीपुस्तकं दोन ठेवा आणि अनामत बँकेतूनच परत करा. रोख परत केल्याचा पुरावा उरत नाही.

पुढच्या बुकिंगपासून ॲडव्हान्सला जीएसटीच्या नियम ५० प्रमाणे रिसीट व्हाउचर (ॲडव्हान्सची पावती) द्या: सलग क्रमांक, तारीख, दोघांची नावं-पत्ते, तुमचा जीएसटी क्रमांक, रक्कम, दर, कर, सही. बिल त्याच महिन्यात होणार नसेल तर तो ॲडव्हान्स जीएसटीआर-१ (विक्रीच्या रिटर्न) च्या तक्ता ११ए मध्ये दाखवा. बिल झालं की ११बी मध्ये वजा करा. ११बी विसरलात तर त्याच पैशांवर दोनदा कर जातो, आणि ही चूक फार होते. गिऱ्हाईक बेळगावचं असलं तरी हॉल सांगलीत आहे, म्हणून केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी ९-९ टक्केच. आंतरराज्य व्यवहाराचा आयजीएसटी लावू नका.

रद्द बुकिंगबद्दल. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रक १७८ प्रमाणे रद्द करण्याचं शुल्क मूळ सेवेच्याच दराने करपात्र. १० हजार करासह धरले तर १,५२५ रुपये द्यावे लागतील. बिल काढलं नसेल तर परत दिलेल्या ४० हजारांचं रिफंड व्हाउचर काढा. बिल झालं असेल तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद). बुकिंगच्या अर्जावर ‘रद्द केल्यास अमुक कपात’ अशी ओळ आणि गिऱ्हाइकाची सही नसेल, तर ती आजच छापून घ्या. कर भरूनही कपातीवरून ग्राहक आयोगापुढे जावं लागू शकतं.