वाचकांचे प्रश्न : आपले चित्र कुणाच्या भिंतीवर टांगायचे?

प्रश्न : मी गेली काही वर्षे टॅबलेटवर चित्रे काढतो. लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक, ढोल-ताशा पथकांतले वादक आणि पेठांमधले जुने वाडे हे माझे विषय आहेत. चित्र पूर्ण झाले की ते समाजमाध्यमावर टाकतो, कारण ते दाखवायला माझ्यापाशी दुसरी जागा नाही. आता मात्र ते टाकण्याचीच उमेद उरलेली नाही. रात्री जागून रंगवलेले चित्र मोजक्या लोकांपर्यंत पोहोचते आणि नुसता हात फिरताना दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ हजारो लोक पाहतात. माझ्या पडद्यावर झळाळणारा शेंदरी रंग तिथे मळकट दिसतो आणि लाल रेषांच्या कडा फुटतात. मागच्या गणेशोत्सवात तर माझ्याच ढोलवादकाचे चित्र, कोपऱ्यातली सही कापून, एका पथकाच्या टी-शर्टवर छापलेले पाहिले. विचारले तेव्हा ‘नेटवर मिळाले’ एवढेच उत्तर मिळाले. त्यातच अशी चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरली जातात, असे वाचले. सगळी चित्रे काढून खाते बंद करावे, असे मनात येते. मी काय करावे?
— एक चित्रकार, कोथरूड

उत्तर : खाते बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु त्या खात्याला आपण आजवर जे स्थान दिले, ते मात्र काढून घ्यावे. चित्र लोकांना दाखवणे, त्याचे मूळ रूप सांभाळणे, ते आपलेच असल्याचा पुरावा राखणे आणि काम देणाऱ्यांनी आपल्यापर्यंत पोहोचणे, ही चार कामे आपण एकाच ठिकाणावर सोपवली आहेत. त्यांपैकी फक्त पहिले काम समाजमाध्यम करू शकते, आणि तेही त्याच्या मर्जीने.

ही मर्जी कशी बदलत गेली, ते पाहण्यासारखे आहे. बहुतेक चित्रकार ज्या इन्स्टाग्रामवर आहेत, ते २०१० साली छायाचित्रांसाठी सुरू झाले. प्रत्येकाची चित्रे ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने दाखवण्याची पद्धत तिथे २०१६ पासून मागे पडली आणि कोणाला काय दाखवायचे हे गणनाविधी (अल्गोरिदम) ठरवू लागला. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने येथे रील्स, म्हणजे छोटे व्हिडिओ, आणल्या. पुढच्याच वर्षी त्याच्या प्रमुखांनी, हे आता केवळ छायाचित्रे वाटून घेण्याचे ठिकाण राहिलेले नाही, असे जाहीरपणे सांगितले. म्हणजे आपले स्थिर चित्र मागे पडते आणि हात फिरतानाचा व्हिडिओ पुढे जातो, यात आपल्या चित्राच्या गुणवत्तेचा निवाडा झालेला नसतो. ताशावादकाच्या मनगटाचा ताण आपण कसा पकडला आहे, हे त्या मोजमापाला कळत नाही. कृपया त्या आकड्यांवरून स्वतःची पारख करू नका. आपण प्रोक्रिएटसारखे चित्रकलेचे ॲप वापरत असाल, तर चित्र घडतानाचा टाइम-लॅप्स, म्हणजे वेगाने सरकणारा व्हिडिओ, त्यात आपोआप नोंदला जातो. तो टाकायला वेगळे श्रम पडत नाहीत, म्हणून जरूर टाकावा. मात्र व्हिडिओ चांगला दिसावा म्हणून चित्र काढण्याची रीत बदलू नये.

रंगाची तक्रार बरीचशी दूर करता येते आणि ती करणे आपल्याच हातात आहे. आयपॅडसारख्या टॅबलेटचा पडदा डिस्प्ले पी-थ्री या मोठ्या रंगपटातले (दाखवता येणाऱ्या रंगांच्या संचातले) रंग दाखवू शकतो, तर वेबवरचा सर्वसाधारण व्यवहार १९९६ साली पुढे आलेल्या एसआरजीबी या लहान रंगपटात चालतो. पी-थ्रीमधला तेजस्वी शेंदरी त्यात मावत नाही. तो जवळच्या एखाद्या मंद छटेत ढकलला जातो आणि चित्रासोबतची रंगविषयक माहिती वाटेत गळाली, तर सारेच चित्र फिके पडते. रेषा फुटण्याचे कारण निराळे आहे. चित्राची फाइल लहान करणाऱ्या जेपेग पद्धतीत उजेड-अंधाराचा तपशील जपला जातो, पण रंगाचा तपशील सामान्यतः उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी निम्मा केला जातो, कारण आपला डोळा उजेडातला फरक रंगातल्या फरकापेक्षा अधिक बारकाईने टिपतो. छायाचित्रात ही काटकसर खपून जाते. आपल्या चित्रात मात्र रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर लाल फेट्याची बारीक कड असणार. लाल रंगाचा उजळपणा मुळातच कमी, त्यामुळे ती कड जवळजवळ सगळी रंगाच्या तपशिलावरच उभी असते आणि नेमका तोच तपशील कापला जातो.

यासाठी मूळ चित्राला हात न लावता प्रसारासाठी त्याची वेगळी प्रत करावी, ती एसआरजीबीमध्ये रूपांतरित करावी आणि रुंदी १०८० पिक्सेल ठेवावी. इन्स्टाग्राम याहून रुंद चित्र स्वतः लहान करते, आणि ते काम आपण आपल्या नजरेखाली केलेले केव्हाही चांगले. उभ्या चित्रासाठी १०८० बाय १३५० हे माप सोयीचे आहे. त्या प्रतीत लालाच्या शेजारी थोडा उजळ रंग ठेवला, तर कड टिकते. टाकण्यापूर्वी ती प्रत एखाद्या स्वस्त फोनवर पाहावी, कारण बहुतेक लोक ती तशाच फोनवर पाहणार आहेत.

आता चोरीविषयी. ‘नेटवर मिळाले’ हे उत्तर वाचून मला मनापासून चीड आली. ज्या शहरात उत्सवाच्या दहा दिवसांसाठी मूर्तिकार, सजावटकार आणि वादक वर्षभर राबतात, त्या शहरात चित्र काढणाऱ्याचे नाव कातरीने उडवले जावे, हे लाजिरवाणे आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार चित्र निर्माण होताच त्यावरचा हक्क चित्रकाराला मिळतो आणि तो त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो. त्यासाठी चित्र समाजमाध्यमावर टाकलेले असणे किंवा नसणे याने काही फरक पडत नाही. नोंदणी सक्तीची नाही, परंतु नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. कलाकृतीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आहे आणि चित्र एखाद्या मालावर वापरायचे असेल, तर २,००० रुपये. प्रत्येक चित्राची नोंदणी करणे परवडणार नाही. ज्यांची नक्कल होण्याचा संभव अधिक, अशा गणेशोत्सवाच्या निवडक चित्रांची करावी. बाकीच्यांसाठी सर्व थर (एकावर एक रंगवलेले लेयर) असलेली मूळ फाइल आणि टाइम-लॅप्स दोन ठिकाणी जपून ठेवावेत. चोराकडे सपाट चित्र असते, थर नसतात. फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या नावावर मात्र विसंबू नये, कारण बरीच समाजमाध्यमे चित्र चढवताना ही आतली माहिती काढून टाकतात.

चित्र छापणारे आपल्यासारख्या प्रसंगातले पथक आणि असे टी-शर्ट विकणारा यांच्यात मी फरक करीन. पथकातली बहुतेक मुले हौसेने वाजवतात. पथकप्रमुखांना प्रत्यक्ष भेटून, मूळ फाइल दाखवून, यंदाच्या छपाईत नाव आणि पुढच्या वर्षी रीतसर मोबदला मागावा. माझा अंदाज आहे की ते ऐकतील, कदाचित नवे कामही देतील. चित्र विकून पैसे मिळवणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्याशी मात्र लेखीच बोलावे. विक्रीच्या पानाची तारखेसह प्रतिमा आधी घ्यावी, कारण तक्रारीची कुणकुण लागताच पान नाहीसे होते. नंतर त्या संकेतस्थळाच्या साध्या ‘रिपोर्ट’ बटणाऐवजी त्याचा प्रताधिकार-तक्रारीचा स्वतंत्र अर्ज भरावा. कायद्याचे कलम ५२(१)(ग) आणि २०१३ च्या नियमावलीतील नियम ७५ यांनुसार योग्य तपशिलासह लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ संकेतस्थळाने ३६ तासांच्या आत ती प्रत रोखणे अपेक्षित आहे. ही रोख २१ दिवसांची असते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही, तर ते पान पुन्हा खुले होऊ शकते. दावा लावायची वेळ आलीच, तर कलम ६२ मुळे आपण जिथे राहता तिथल्या, म्हणजे पुण्याच्या जिल्हा न्यायालयात तो लावता येतो. विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला, तरी त्याच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. ही गोष्ट फार थोड्या चित्रकारांना माहीत असते.

लहान प्रत टाकल्याने चोरी थांबेल, अशी आशा बाळगू नये. १०८० पिक्सेलचे चित्र ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापले, तर जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद येते हे खरे. पण फ्लेक्स लांबून पाहिला जातो, त्यामुळे त्याला तेवढी घनता लागत नाही. सही कोपऱ्यात न करता ढोलाच्या दोरीलगत किंवा उपरण्याच्या घडीत, म्हणजे कापली तर चित्रच बिघडेल अशा जागी करावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत व्यक्तीच्या हातात आज फारसे काही नाही, हे मी लपवणार नाही. २०२४ साली इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटाच्या, वापरकर्त्यांच्या पोस्ट कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरण्याच्या नव्या धोरणाची चर्चा झाली, तेव्हा युरोपीय संघातील वापरकर्त्यांना तेथील कायद्यामुळे हरकत नोंदवता आली. भारतीयांसाठी तशी सोय नव्हती. त्याच सुमारास कारा नावाच्या, चित्रकारांसाठीच असलेल्या संकेतस्थळाची सदस्यसंख्या आठवडाभरात सुमारे ४० हजारांवरून साडेसहा लाखांवर गेली, इतका हा संताप व्यापक होता. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये आणलेले ग्लेझ हे साधन चित्रात सूक्ष्म फेरफार करून शैलीची नक्कल अवघड करते. सपाट रंगांच्या चित्रात ते फेरफार डोळ्यांना दिसतात आणि हे संरक्षण कायमचे नाही, असे त्याचे निर्मातेच सांगतात. तरीही निवडक चित्रांसाठी ते वापरून पाहायला हरकत नाही.

राहिला प्रश्न दुसऱ्या जागेचा, आणि आपल्या पत्रातले ‘दुसरी जागा नाही’ हे शब्द मला सर्वांत जास्त खटकले. स्वतःच्या नावाचे साधे संकेतस्थळ काढावे आणि त्यावर संपर्काचा ईमेल ठळकपणे द्यावा. समाजमाध्यमावरील प्रत्येक चित्राखाली त्याचाच पत्ता असावा. महाराष्ट्रात १९०९ पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे आणि मुखपृष्ठांसाठी व सजावटीसाठी संपादकांना चित्रकार लागतातच. या अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे नमुने त्याआधी पाठवावेत. दोन-तीन समव्यवसायी मिळून बालगंधर्व रंगमंदिराचे किंवा घोले रस्त्यावरचे राजा रविवर्मा कलादालन घेऊन छापील चित्रांचे प्रदर्शन भरवणेही अशक्य नाही. चांगल्या कागदावर छापलेला आपला शेंदरी रंग लोक जवळ येऊन पाहतील आणि वाटेल तितका वेळ पाहतील.

प्रश्न : एका मिठाई व्यावसायिकाने माझ्याकडून शनिवारवाड्याचे डिजिटल चित्र खोक्यासाठी ठरावीक रक्कम देऊन करून घेतले. बोलणे तोंडीच झाले होते. आता तेच चित्र पिशव्यांवर आणि दिनदर्शिकेवर आले आहे आणि समाजमाध्यमावर ‘आमची रचना’ म्हणून झळकते आहे. माझे नाव कुठेही नाही. मी चित्र माझ्या खात्यावर टाकले, तर ते काढण्यास सांगण्यात आले. हे योग्य आहे का?
— एक वाचक, रास्ता पेठ

उत्तर : नाव न देणे योग्य नाही, परंतु बाकीच्या बाबतीत आपली बाजू आपल्याला वाटते तितकी भक्कम नाही. कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन कोणी चित्र करवून घेतले आणि उलट करार झालेला नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक ते करवून घेणारा ठरतो. डिजिटल चित्राला हे जसेच्या तसे लागू पडते का, यावर वाद घालायला जागा आहे, पण त्या वादाच्या भरवशावर व्यवसाय करू नये.

नावाचा हक्क मात्र वेगळा आहे. कलम ५७ प्रमाणे प्रताधिकार दुसऱ्याकडे गेल्यावरही, ही कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भव्य भित्तिशिल्प सरकारने उतरवले आणि त्याची हानी झाली. त्या शिल्पाचे मालक सरकारच होते. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष सहगल यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. म्हणून ‘आमची रचना’ या शब्दांवर आपण निःशंकपणे हरकत घ्यावी आणि प्रत्येक ठिकाणी ‘चित्र :’ असे लिहून त्यापुढे आपले नाव देण्याची लेखी मागणी करावी. पिशव्या आणि दिनदर्शिकेच्या मोबदल्याचा विषय त्याच पत्रात, पण समजुतीच्या सुरात काढावा. पेठेतला ग्राहक पुढेही टिकायला हवा, हे मी समजू शकतो.

पुढच्या कामापासून ठरलेली गोष्ट पत्रात उतरवून दोघांनी सह्या कराव्यात. चित्र कोणत्या वस्तूवर, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशात वापरायचे, प्रताधिकार आपल्याकडेच राहील, नाव कुठे छापले जाईल आणि ते चित्र आपल्या खात्यावर दाखवण्याची मुभा असेल, इतके त्यात असले की पुरे. हे पत्र आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी व्हावे, नंतर नव्हे.