काही भागांतच लोक गाड्या सुसाट का पळवतात?

तुम्ही विचारलंय की एका भागात सगळे शिस्तीत चालवतात आणि दुसऱ्या भागात गाड्या नुसत्या सुसाट, मग तिथली माणसंच बेशिस्त आहेत का. मला नाही वाटत, बऱ्याचदा ड्रायव्हर तोच असतो, रस्ता बदललेला असतो.

म्हणजे बघा, पाटीवर ५० लिहिलंय पण रस्ता सरळसोट, लेन ऐसपैस, मध्ये दुभाजक, कडेला ना दुकानं ना झाडं, कोणी आडवं येत नाही, मग ७० कधी झाले कळतच नाही आणि वर गाडी रांगतेय असं वाटतं. मीटर आपण अधूनमधून बघतो हो, वेगाचा अंदाज खरा येतो तो बाजूने मागे पळणाऱ्या गोष्टींवरून. भिंत, झाडं, पार्क केलेल्या गाड्या अगदी जवळून जायला लागल्या की ४० पण जास्त वाटतात. उंच एसयूव्हीत तर अजूनच फसायला होतं कारण रस्ता डोळ्यांपासून लांब असतो. आणि हायवेवर तासभर १०० ने येऊन वस्तीत शिरलात की ६० म्हणजे बैलगाडी वाटते, त्यामुळे हायवे सोडल्यावर पहिली एकदोन किलोमीटर मी तरी मुद्दाम मीटर बघत चालवतो, अंदाजावर भरवसा नाही.

बाकीच्यांचं दडपणही असतंच. सगळे ७० ने जातायत आणि तुम्ही एकटे ५० ने चाललात की मागचा हॉर्न वाजवून जीव खातो.

गर्दी हा पण एक ब्रेकच आहे. २०२० मध्ये अमेरिकेत गाड्या कमी धावल्या तरी रस्त्यावरचे मृत्यू वाढले, त्यामागे रिकाम्या रस्त्यांवरचा वेग हे एक कारण होतं. ५० चे ७० झाले की धडकेची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, हे गाडीत बसून जाणवत नाही.

पोलीस, कॅमेरा यांची भीती असते पण तेवढ्यापुरती, कॅमेऱ्यापाशी ब्रेक आणि पुढे गेलं की परत दाबली. म्हणून काही देशांत दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर किती वेळात कापलं ते बघून सरासरी वेग काढतात, तिथे ही चलाखी चालत नाही. स्पीडब्रेकरचंही तसंच, लांब लांब असले की लोक मधल्या पट्ट्यात वसूल करतात. त्यापेक्षा लेन अरुंद करणं, रस्त्याला हलकंसं वळण देणं, पायी रस्ता ओलांडायची जागा थोडी उंच करणं हे जास्त चालतं, कारण मग पाटी न वाचणारा पण हळू होतो.