थ्रीडी सॉफ्टवेअरचा व्ह्यूपोर्ट (सीन दिसतो ती खिडकी) काळा पडून ते बंद होतंय? आधी हे बघ

लगेच विंडोज नव्याने टाकायला बसू नकोस. आधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघड, सिस्टिमच्या नोंदींत जा आणि क्रॅश झाला त्या मिनिटाला ४१०१ क्रमांकाची नोंद आहे का बघ. असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला, असा त्याचा अर्थ. विंडोज जीपीयूची (ग्राफिक्स चिपची) वाट साधारण २ सेकंदच बघतं. जड सीनमध्ये एकच काम त्याहून लांबलं, की ड्रायव्हर रीसेट होतो आणि सोबत तुझं सॉफ्टवेअरही जातं.

थ्रीडी कामाच्या लॅपटॉपवर अनेकदा दोन जीपीयू असतात, एक साधा आणि एक ताकदवान, आणि माझ्या मते निम्मा घोळ तिथेच असतो. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जा, तुझं सॉफ्टवेअर निवड आणि 'हाय परफॉर्मन्स' लाव. काम करताना चार्जर जोडलेलाच ठेव.

मग ड्रायव्हर. एनव्हिडिया असेल तर गेमसाठीच्या 'गेम रेडी'ऐवजी कामासाठीचा 'स्टुडिओ' ड्रायव्हर घे आणि टाकताना 'क्लीन इन्स्टॉल'वर टिक कर. नवीन अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर बिनधास्त मागच्या आवृत्तीवर जा. सगळ्यात नवा ड्रायव्हर सगळ्यात स्थिर असतोच असं नाही.

तरीही पडतंय? टेक्श्चर (मॉडेलवर चढवलेली चित्रं) ४के वरून २के वर आण. व्हीरॅम (जीपीयूची मेमरी) भरली की असंच होतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) ती २ सेकंदांची वेळ वाढवायचा उपाय अगदी शेवटी.

आणि ब्लेंडर वापरत असशील तर ऑटोसेव्ह चालू आहे ना, ते आजच बघ. रात्रभर बसवलेल्या अ‍ॅनिमेशनच्या की-फ्रेम गेल्या की फार जीव जळतो रे.