कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे. काही नंबर सारखे संपतात, काही वर्षभर पडून राहतात. माल कधी भरावा?

किती जोड उरले की ऑर्डर द्यायची, हे प्रत्येक नंबराचं वेगळं ठरवा: रोजची सरासरी विक्री गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडा राखीव साठा. समजा ८ नंबर रोज २ जोड जातो आणि कारागिराकडून माल यायला १५ दिवस लागतात. म्हणजे ३० जोड, वर राखीव १०. दुकानात ४० उरले की लगेच फोन करायचा, संपायची वाट बघायची नाही. मी इथल्या चप्पल दुकानांचा स्टॉक बघतो. खरा घोळ जुना माल मागं राहण्याचा असतो. कोल्हापुरी चप्पल चामड्याची, पावसाळ्याच्या दमट हवेत पडून राहिलेल्या जोडांवर बुरशी धरते आणि तो जोड निम्म्या किमतीलाही जात नाही. म्हणून खोक्यावर माल आल्याची तारीख मार्करनं लिहा, नवी खोकी मागं लावा, जुनी पुढं ओढा. हे स्वतः उभं राहून करून घ्या. फक्त नवरात्रात, अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत, ही सरासरी चालत नाही. तेव्हा गेल्या नवरात्रातली विक्री धरा आणि ऑर्डर लवकर द्या, कारण पावसात चामडं वाळायला जास्त दिवस लागतात.